एकच तांबेरा, दोन पानं: बुरशी नेमकी कुठे अडली?

परिस्थिती

गव्हाच्या रोपांचे दोन ट्रे शेजारी शेजारी ठेवलेले. एकात थॅचर हा वाण. १९३४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा इथून तो प्रसारित झाला, तो खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी. पानावरच्या तांबेऱ्यापुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही. दुसऱ्या ट्रेमध्येही थॅचरच, पण त्यात एलआर ९ नावाचं, पानावरच्या तांबेऱ्याला रोखणारं एक जास्तीचं जनुक आहे. हे जनुक मुळात गव्हाचं नव्हे, एजिलॉप्स अंबेल्युलाटा या रानटी गवताचं. अर्नेस्ट सिअर्स यांनी क्ष-किरणांचा मारा करून त्या गवताच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हाच्या गुणसूत्राला जोडला आणि १९५६ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. पुढे थॅचरशी वारंवार संकर करून अशी ओळ तयार झाली की जी जवळजवळ सगळी थॅचरच आहे, वेगळा आहे तो एवढा तुकडा.

दोन्ही ट्रेंवर एकाच दिवशी, एकाच कुपीतले बीजाणू फवारले. बुरशी पक्सिनिया ट्रिटिसिना, म्हणजे गव्हाच्या पानावरचा नारिंगी तांबेरा. रात्रभर दोन्ही ट्रे दमट, अंधाऱ्या पेटीत ठेवले आणि सकाळी प्रकाशात आणले. साधारण दहा दिवसांनी थॅचरच्या पानांवर नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या भरून आल्या. बोट फिरवलं तर भुकटी बोटाला लागत होती. दुसऱ्या ट्रेमधली पानं हिरवीगार. उजेडासमोर धरली तर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसत, ते नसते तर या पानांवर कधी काही फवारलं होतं यावर विश्वास बसला नसता.

नोंदवहीत थॅचरपुढे ४ लिहिलं जातं, म्हणजे मोठ्या पुटकुळ्या, आणि दुसऱ्या ओळीपुढे शून्य व अर्धविराम. एल्विन स्टॅकमन यांच्या मोजपट्टीत अर्धविराम म्हणजे बारीक ठिपका: झाडाने प्रतिसाद दिला, पण पुटकुळी आली नाही.

प्रकरण असं की, ही नोंद शेवट सांगते, कारण सांगत नाही. रोधक पान पाहिलं की पहिला अंदाज हटकून एकच असतो, बुरशी आत शिरलीच नसणार. बीजाणू रुजले नसतील, पान गुळगुळीत असेल, रंध्रं बंद असतील. हा अंदाज तपासायचा तर दहाव्या दिवसाचं पान उपयोगाचं नाही. पहिल्या रात्रीपासून दर काही तासांनी दोन्ही ट्रेमधल्या पानांचे तुकडे कापून, ते पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागतात.

तुकडे कसे पाहिले

पानाचा तुकडा आधी अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्लात ठेवून त्यातलं हरितद्रव्य काढून टाकायचं. मग अल्कलीत थोडा वेळ गरम करायचा आणि शेवटी गव्हाच्याच अंकुरातून मिळणारं एक लेक्टिन, म्हणजे ठरावीक शर्करांना चिकटणारं प्रथिन, लावायचं. या लेक्टिनला चमकणारा रंग जोडलेला असतो आणि ते कायटिनला चिकटतं. गव्हाच्या पेशीभित्तिकेत कायटिन नसतं, बुरशीच्या भित्तिकेत असतं. त्यामुळे निळ्या प्रकाशात पान काळोखात बुडतं आणि बुरशी हिरवी उजळून निघते.

दुसरा संच रंगाशिवाय ठेवायचा. ज्या पेशी हल्ल्याला उत्तर देताना मरतात, त्यांच्या भित्तिकांत आणि पेशीद्रवात फेनॉलिक पदार्थ साठतात आणि अतिनील किंवा निळ्या प्रकाशात त्या आपोआप चमकतात. एका संचात बुरशी दिसते, दुसऱ्यात झाडाचं उत्तर दिसतं. हे दोन्ही संच एकाच वेळेचे आणि शेजारच्याच तुकड्यांचे हवेत. नाहीतर 'आधी काय आणि नंतर काय' याचा पत्ता लागत नाही, आणि या प्रकरणात सगळं काही त्या क्रमावरच अवलंबून आहे.

पहिली रात्र

कोरडा बीजाणू आक्रसलेला असतो. पानावर दव साचलं की तो पाणी शोषून फुगतो. व्यास साधारण २० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे पन्नास मावतील. भित्तिकेवर बारीक काटे आणि ठिकठिकाणी पातळ जागा. त्यांतल्या एका जागेतून अंकुरनलिका बाहेर पडते. पानांवर पाणी टिकून असेल आणि तापमान २० अंशांच्या आसपास असेल तर चार ते आठ तासांत बहुतेक बीजाणू रुजलेले दिसतात.

जिथे बीजाणूंचा ढीग पडला आहे तिथे मात्र रुजण्याचं प्रमाण कमी भरतं. याचं कारण बीजाणूंमध्येच आहे. तांबेऱ्याचे बीजाणू स्वतःला रोखणारं रसायन बाळगून असतात: काळ्या तांबेऱ्यात ते मिथाइल सिस-फेरुलेट आहे, तर घेवड्याच्या तांबेऱ्यात त्याच्याच जवळचा एक सिनॅमेट. पाण्याने ते धुऊन गेलं की अटकाव सुटतो. पुटकुळीतच सगळे बीजाणू रुजून जाऊ नयेत याची ही सोय. फवारणी करणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवायला हवं. दाट फवारलेलं पान कमी रोगट दिसलं म्हणून ते रोधक ठरत नाही.

अंकुरनलिका कुठे जाते हे पाहणं मला या सगळ्या क्रमातला सर्वांत देखणा भाग वाटतो. गव्हाच्या पानावर रंध्रं लांबीच्या दिशेने ओळींत असतात. नलिका पानाच्या लांबीला आडवी वाढते. लांबीच्या दिशेने गेली असती तर दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात भटकत राहिली असती. आडवी गेल्याने तिला वाटेत रंध्रांची ओळ लागतेच. बाह्यत्वचेच्या पेशींच्या कडा आणि खाचा यांचा स्पर्श तिला ही दिशा देतो.

रंध्र ओळखतानाही स्पर्शच कामी येतो. १९८७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या हार्वे हॉक आणि सहकाऱ्यांनी घेवड्याच्या तांबेऱ्यावर हे दाखवून दिलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये वापरतात तशा सिलिकॉन चकतीवर त्यांनी ठरावीक उंचीचे उंचवटे कोरले, त्यांचे पॉलिस्टायरीनचे साचे घेतले आणि त्यांवर बीजाणू रुजवले. उंचवटा साधारण अर्धा मायक्रॉन उंच असेल तर अंकुरनलिकेचं टोक तिथेच थांबून फुगे. पाव मायक्रॉनपेक्षा बुटका किंवा एक मायक्रॉनपेक्षा उंच असेल तर ती त्याची दखल न घेता पुढे जाई. घेवड्याच्या रंध्रावरची रक्षक पेशींची ओठासारखी कड जवळजवळ नेमकी अर्धा मायक्रॉन उंच असते. तिथे पान नव्हतं, झाडाचं कुठलंही रसायन नव्हतं, होता तो फक्त एक उंचवटा. गव्हाच्या तांबेऱ्यांत स्पर्शाच्या जोडीला पानातून येणाऱ्या रसायनांचाही वाटा असतो, पण मूळ तत्त्व तेच.

रंध्रावर पोहोचल्यावर टोक फुगून अप्रेसोरियम तयार होतं, म्हणजे रंध्रावर घट्ट बसलेली एक चपटी पेशी. बीजाणूतला सगळा जीवद्रव्याचा साठा, दोन केंद्रकांसह, या पेशीत सरकतो आणि मागे आडभिंत पडते. लेक्टिन लावलेल्या तुकड्यात मागे राहिलेला बीजाणू म्हणजे नुसतं रिकामं टरफल. आता मागे वळायची सोय नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तांबेरा 'उघड्या रंध्रातून' आत जातो असं पुष्कळदा लिहिलं जातं. पानावरच्या तांबेऱ्याचं अप्रेसोरियम बसलं की ते रंध्र उलट मिटतं, आणि बुरशी मिटलेल्या रक्षक पेशींच्या फटीतूनच एक बारीक खुंटी आत घालते. त्यासाठी तिला फार जोर लागत नाही. घेवड्याच्या तांबेऱ्याच्या अप्रेसोरियममधला दाब सुमारे ०.३५ मेगापास्कल मोजला गेला आहे. भातावरच्या करप्याची बुरशी क्युटिकल, म्हणजे पानावरचा मेणचट थर, फोडून थेट आत घुसते, तिच्यात हा दाब ८ मेगापास्कलपर्यंत जातो. तांबेऱ्यांतही सोयाबीनच्या तांबेऱ्यासारखा अपवाद आहे. तो रंध्र शोधतच नाही, थेट बाह्यत्वचेची पेशी भेदतो, आणि त्याच्या अप्रेसोरियममध्ये दाबही ५ ते ६ मेगापास्कल असतो. काळा तांबेरा रंध्रावर येऊन थांबतो आणि आत शिरायला उजेडाची वाट पाहतो. नारिंगी तांबेरा अंधारातच काम उरकतो, म्हणून आपले तुकडे पहाटेच कापावे लागले.

पहिल्या रात्रीनंतर दोन्ही ट्रेमधली पानं शेजारी ठेवली तर? रुजणं सारखं. आडव्या वाढलेल्या नलिका सारख्या. रंध्रांवर बसलेली अप्रेसोरियम सारखी. चिठ्ठी झाकली तर कोणतं पान थॅचरचं आणि कोणतं एलआर ९ चं, हे कुणालाही सांगता येणार नाही. 'बुरशी शिरलीच नाही' हा पहिला अंदाज इथेच बाद होतो.

रंध्राच्या आत

रंध्राखाली हवेची एक पोकळी असते. तिच्यात बुरशी एक छोटी पिशवी तयार करते आणि त्या पिशवीतून संसर्गतंतू फुटून पर्णमध्याच्या पेशींच्या दिशेने जातो. इथपर्यंतचा सगळा खर्च बीजाणूने आणलेल्या शिदोरीतून चाललेला असतो. झाडाकडून अजून एक कणही मिळालेला नसतो.

आत शिरताना बुरशी आणखी एक गोष्ट करते, जी लेन्समधून दिसत नाही पण फार मोलाची आहे. झाडाच्या पेशींवर कायटिन ओळखणारे ग्राहक असतात. कायटिनचे तुकडे सापडले की झाड सावध होतं, आणि कायटिन तोडणारी विकरंही सोडतं. तांबेऱ्याचे पानाबाहेरचे भाग, म्हणजे अंकुरनलिका आणि अप्रेसोरियम, कायटिन उघड दाखवतात. पण आतल्या तंतूंच्या पृष्ठभागावर ते कायटोसानमध्ये बदललेलं असतं. कायटोसानवर झाडाची कायटिनेझ विकरं फारशी चालत नाहीत. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यात आणि बाकल्याच्या तांबेऱ्यात हा बदल नीट तपासला गेला आहे.

संसर्गतंतूचं टोक पर्णमध्याच्या पेशीला टेकलं की थांबतं. टोकाचा भाग आडभिंतीने वेगळा होतो आणि त्याची हॉस्टोरियम-मातृपेशी होते, म्हणजे हॉस्टोरियम हा बुरशीचा अन्न शोषणारा अवयव जिच्यातून फुटतो ती पेशी. जिथे ती झाडाच्या पेशीला चिकटते, तिथे तिची भित्तिका जाड होते, आणि त्या जाड जागेतून एक अतिशय बारीक खुंटी झाडाची पेशीभित्तिका विरघळवत आत जाते. भित्तिका विरघळवणारी विकरं इथे अगदी मोजून-मापून आणि तेवढ्या जागेपुरतीच सुटतात. पान सडवणाऱ्या बुरशा याच विकरांचा पाट सोडतात. तांबेऱ्याला ते परवडणारं नाही. त्याला पेशी जिवंत हवी आहे.

पेशीभित्तिका पार केल्यावर खुंटीचं टोक फुगतं आणि हॉस्टोरियम तयार होतं: एक बारीक मान आणि पुढे फुगीर अंग. ते पेशीच्या 'आत' असतं, पण पेशीद्रवात नसतं. मच्छरदाणीत बाहेरून हात खुपसला तर जाळी फाटत नाही, हाताभोवती आत ओढली जाते. झाडाचं पेशीपटलही तसंच हॉस्टोरियमभोवती आत ढकललं जातं आणि अखंड राहतं. बुरशीची भित्तिका आणि हे पटल यांच्यामध्ये जेलीसारख्या पदार्थाचा एक थर राहतो. मानेभोवती एक पट्टा असतो, तो हा थर बाहेरच्या जागेपासून सीलबंद करतो. त्यामुळे हॉस्टोरियमभोवती एक बंद कप्पा तयार होतो, जो ना पूर्णपणे झाडाचा ना पूर्णपणे बुरशीचा.

हॉस्टोरियमभोवतीचं पटल झाडाचंच असलं तरी पेशीच्या बाकीच्या पटलासारखं राहत नाही. सामान्य पेशीपटलात प्रोटॉन बाहेर ढकलणारे पंप असतात. रासायनिक चाचणीत ती क्रिया या पटलावर सापडत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पटलातले प्रथिनांचे कणही इथे विरळ दिसतात. दुसरीकडे, हॉस्टोरियमच्या स्वतःच्या पटलावर प्रोटॉन पंप जोरात चालू असतात. एका बाजूने ओढ आहे आणि दुसऱ्या बाजूने आवर नाही, त्यामुळे माल कोणत्या दिशेने वाहणार हे ठरून जातं.

हे फक्त तर्काने सांगितलेलं नाही. १९९० च्या दशकात जर्मनीत माथियास हान आणि कुर्ट मेंडगेन यांनी बाकल्याच्या रोगट पानांतून हॉस्टोरियम वेगळी काढली आणि त्यांत कोणती जनुकं चालू आहेत हे तपासलं. त्यातूनच पुढे २००१ मध्ये एचएक्सटी १ हे साखरवाहक प्रथिन समोर आलं. ते ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आत घेतं, आणि आढळतं फक्त हॉस्टोरियमच्या पटलात. पानांमधल्या तंतूंत ते नसतं. सुक्रोज तोडणारं विकर हॉस्टोरियममधूनच सुटतं, अमिनो आम्लांचे वाहक तिथेच असतात, आणि थायमिन हे जीवनसत्त्व बनवणारी जनुकंही तिथेच सर्वाधिक चालू असतात. आत घेतलेल्या साखरेतला बराच भाग मॅनिटॉल आणि अरॅबिटॉलमध्ये बदलला जातो.

हा एक अवयव हाती आल्यावर तांबेऱ्याने बाकी बरंच सोडून दिलं. २०११ मध्ये काळ्या तांबेऱ्याचा आणि पॉप्लर झाडाच्या तांबेऱ्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्हींत नायट्रेट वापरण्याची जनुकं गायब आढळली. जिवंत पेशीतून तयार अमिनो आम्लं मिळत असताना ती सांभाळण्याचं कारणच उरलं नव्हतं. तांबेरा साध्या पोषकद्रव्यावर बशीत वाढवायला इतका अवघड का जातो, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

एका पेशीतला फरक

पहिलं हॉस्टोरियम साधारण पहिल्या दिवसाच्या अखेरीस दिसू लागतं. इथपर्यंत दोन्ही पानांची कहाणी एकच आहे. आणि इथेच ती तुटते.

थॅचरच्या तुकड्यात हॉस्टोरियम धरलेली पेशी निरोगी दिसते. हरितलवकं जागेवर आहेत. केंद्रक सरकून हॉस्टोरियमजवळ आलेलं दिसू शकतं. अतिनील प्रकाशात ती पेशी काळोखीच राहते, काहीच चमकत नाही. बुरशी पुढच्या पेशीकडे निघालेली असते आणि तंतूला फांद्या फुटू लागलेल्या असतात.

एलआर ९ च्या तुकड्यात त्याच सुमारास रंध्राखाली एकच पेशी पिवळसर चमकते. कधी तिच्याशेजारची आणखी एक-दोन. बुरशीचा संच त्यावर ताडून पाहिला की चमकणारी पेशी तीच निघते जिच्यावर मातृपेशी चिकटलेली आहे. तंतू तिथून जेमतेम थोडा पुढे गेलेला, मग खुंटलेला. हायड्रोजन पेरॉक्साइड दाखवणारा डायअमिनोबेंझिडिन हा रंजक जिवंत तुकड्याला दिला तर अशा जागी तपकिरी डाग उमटतो. दहाव्या दिवशी डोळ्यांना दिसणारा फिकट ठिपका म्हणजे अशाच मोजक्या मेलेल्या पेशींचा पुंजका.

हे का घडतं? हॉस्टोरियम नुसतं घेत नाही, देतंही. त्यातून प्रथिनं बाहेर पडतात आणि त्यांतली काही थेट झाडाच्या पेशीद्रवात पोहोचतात. बाकल्याच्या तांबेऱ्यातलं आरटीपी १ हे प्रथिन झाडाच्या पेशीत, अगदी केंद्रकातही, सापडल्याचं २००५ मध्ये दाखवलं गेलं. काळ्या तांबेऱ्याच्या जनुकसंचात अशी छोटी, बाहेर सोडली जाणारी प्रथिनं हजाराच्या वर असावीत असा अंदाज आहे. त्यांचं काम झाडाचा पहारा शांत ठेवणं आणि पेशी जिवंत, चालू ठेवणं. थॅचरच्या पेशीत ते काम बिनबोभाट पार पडतं.

रोधक पेशीत यांतलं एखादं प्रथिन ओळखलं जातं. काळ्या तांबेऱ्यात ही साखळी सर्वांत स्वच्छ दिसली आहे. बुरशीचं एव्हीआर एसआर ३५ हे प्रथिन २०१७ मध्ये सापडलं आणि गव्हाचं एसआर ३५ हे प्रथिन त्याला थेट पकडतं हे कळलं. २०२२ मध्ये त्यांची एकत्र रचनाही दिसली: पाच-पाच जोड्या एकत्र येऊन एक चक्र बनतं, ते पेशीपटलात बसून कॅल्शियमला वाट करून देतं, आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. एलआर ९ चं प्रथिन मात्र या कुळातलं नाही. २०२३ मध्ये ते जनुक वेगळं काढलं गेलं, तेव्हा त्यात एकापुढे एक जोडलेले दोन कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी विकरं) आणि त्यांना चिकटलेले काही वेगळेच भाग निघाले. कुलूप वेगळ्या घडणीचं, पण सूक्ष्मदर्शकाखाली परिणाम तोच: बुरशी घेतलेली पेशी मरते.

ज्या बुरशीला फक्त जिवंत पेशीतूनच खाता येतं तिला मेलेली पेशी निरुपयोगी आहे. शिदोरी संपलेली, मागे रिकामं टरफल, पुढे बंद झालेला पुरवठा. स्टॅकमन यांनी १९१५ मध्ये काळ्या तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या झाडांत हेच पाहिलं आणि अशा झाडांना अतिसंवेदनशील म्हटलं. जास्त हळवं झाड अधिक टिकतं, ही तेव्हा उलटी वाटणारी गोष्ट होती.

पण पेशी मरते म्हणून बुरशी थांबते, की बुरशी आधीच थांबलेली असते आणि पेशीचं मरण ही फक्त त्याची खूण आहे? १९७२ मध्ये हंगेरीच्या झोल्टान किराय आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये नेमका हाच आक्षेप मांडला: पेशीमृत्यू हा रोधकतेचा परिणाम आहे, कारण नव्हे. पाठ्यपुस्तकं या प्रश्नावरून फार घाईने पुढे जातात असं माझं मत आहे. दोन्ही संच ताडून पाहताना चमकणारी पेशी दिसली की 'इथे पेशीने जीव दिला आणि बुरशी अडली' असं लिहायचा मोह होतो. तुकडा मात्र एवढंच सांगतो की दोन्ही गोष्टी एकाच जागी झाल्या. पेरॉक्साइड, फेनॉलिक पदार्थ, भित्तिका जाड होणं, बुरशीविरोधी प्रथिनं हे सारं त्याच काही तासांत चालू होतं. म्हणून अहवालात 'पेशीमृत्यूसह रोध' असं लिहावं, 'पेशीमृत्यूमुळे रोध' असं नव्हे.

हाच ठिपका, वेगळं कारण

हे प्रकरण एलआर ९ चं असल्यामुळे उत्तर हॉस्टोरियमनंतर सापडलं. प्रत्येक निरोगी पानाबद्दल ते खरं नाही. दुसऱ्याच पिकाचा तांबेरा गव्हावर पडला तर बरेचदा तो रंध्र नीट ओळखत नाही, किंवा मातृपेशी चिकटते पण झाड समोरून भित्तिकेवर थर चढवतं आणि खुंटी आतच पोहोचत नाही. तिथे चमकणारी मेलेली पेशी क्वचितच दिसते. एलआर ३४ या जनुकाचं आणखी वेगळं. त्याचं प्रथिन वाहक जातीचं आहे हे २००९ मध्ये कळलं. त्यात ठिपका पडत नाही, पुटकुळ्या येतात, पण कमी, लहान आणि उशिरा. एलआर ६७ तर चक्क साखरवाहकाचं बदललेलं रूप निघालं, २०१५ मध्ये. दहाव्या दिवसाची नोंद या सगळ्यांना 'रोधक' किंवा 'मध्यम रोधक' अशा एक-दोन खान्यांत बसवते. पण बुरशी कुठे अडली याचं उत्तर प्रत्येकात वेगळं आहे.

थॅचरचं पुढे काय झालं

अडथळा न आल्याने तंतू पेशींच्या मधल्या जागेत पसरत गेले आणि एकेक पेशीत हॉस्टोरियम रोवत राहिले. सात ते दहा दिवसांत बाह्यत्वचेखाली बीजाणू धरणाऱ्या पेशींची दाटी झाली आणि त्यांच्या रेट्याने त्वचा फाटली. डोळ्यांना 'रोग' दिसला तो या क्षणी. तोवर बुरशी आठवडाभर आतून जेवत होती. पुटकुळीभोवतीचं पान त्या वेळीही हिरवं होतं. पेशी मेल्या नव्हत्या, फक्त त्यांची साखर दुसरीकडे जात होती. फाटलेल्या त्वचेतून पाणी उडून जाणं हे वर जास्तीचं नुकसान.

शेवटची चाचणी

निष्कर्ष पक्का करायचा तर एक गोष्ट उरते: रोधक ओळीवर अशी बुरशी सोडायची जी एलआर ९ ला ओळखू येत नाही. अशा बुरशीसाठी फार शोधाशोध लागत नाही. एलआर ९ असलेले वाण अमेरिकेत शेतात गेले आणि १९७० च्या दशकातच त्यावर मात करणारे याच बुरशीचे प्रकार तिथे सापडले. असं व्हायला बुरशीत किती बदल लागतो, हे एसआर ३५ च्या उदाहरणात दिसतं. एव्हीआर एसआर ३५ च्या जनुकात एक फिरता डीएनए तुकडा घुसला, प्रथिन अर्धवट राहिलं, आणि गव्हाला ओळखायला काही उरलं नाही.

अशा प्रकाराचे बीजाणू एलआर ९ च्या पानावर फवारले की पहिल्या रात्री पुन्हा तेच दिसतं: आडव्या नलिका, रंध्रावरची अप्रेसोरियम, रिकामी टरफलं. फरक एका दिवसानंतरच्या तुकड्यात शोधायचा. रंध्राखालची पेशी अतिनील प्रकाशात काळोखी राहते, तिच्यात हॉस्टोरियम पूर्ण वाढलेलं असतं, तंतू पुढे सरकलेला असतो, आणि दहाव्या दिवशी नोंदवहीत त्या ओळीपुढेही ४ लिहावं लागतं. झाडाचं जनुक होतं तिथेच आणि तसंच आहे. बदल बुरशीच्या एका प्रथिनात झाला, म्हणून एलआर ९ एकटं न वापरता त्याच वाणात एलआर ३४ सारखं, वेगळ्या टप्प्यावर आणि वेगळ्या रीतीने अडवणारं जनुक घालणं शहाणपणाचं ठरतं. वाण निवडतानाही दहाव्या दिवसाच्या आकड्याशेजारी दुसऱ्या दिवसाच्या तुकड्यातली नोंद असायला हवी: बुरशी रंध्रावर अडली, भित्तिकेवर अडली, की हॉस्टोरियम रोवल्यावर.